माती-खडी मागवताना काय झालं? तुमचे अनुभव लिहा

घरामागच्या मोकळ्या जागेत बाग करायचं ठरलं की आधी रोपांची यादी तयार होते. माती किती लागणार, ती ओतायची कुठे, गाडी आत वळणार का, हे प्रश्न मात्र गाडी दारात उभी राहिल्यावर सुचतात.

मला फाटकापासून मागच्या दारापर्यंत खडीची वाट करायची होती. फोनवर विचारलं, "किती पाठवू?" मी म्हटलं, "एक ट्रॉली." ट्रॉलीत किती मावतं ते मी विचारलं नाही आणि वाटही मोजली नाही. वाट ३० फूट लांब, ३ फूट रुंद आणि थर ४ इंचांचा, म्हणजे ३० घनफूट. आली जवळजवळ १०० घनफूट. उरलेला ढीग कित्येक महिने हिरवळीवर पडून होता. तो हलवला तेव्हा खालचं गवत मेलेलं होतं आणि खडी मातीत रुतून बसली होती. ती मी अजूनही वेचते आहे.

आता वाफ्यांसाठी माती मागवायची आहे आणि या वेळी मला घाई करायची नाही. ज्यांनी माती, मुरूम, खडी, शेणखत असं काहीही गाडीने मागवलं आहे त्यांनी मनापासून लिहा. किती मागवलं, किती पुरलं, ढिगातून काय निघालं, सगळं. बारीकसारीक तपशीलच जास्त उपयोगी पडतील.

* * *

ताई, सुरुवात हिशेबाने करतो, कारण माझं तिथेच चुकलं होतं.

वाफा २० फूट बाय ८ फूट, माती ९ इंच. इंचांना १२ ने भागलं की पाऊण फूट, म्हणून २० × ८ × ०.७५ = १२० घनफूट. गणित बरोबर होतं, मागवलीही तेवढीच. पण गाडीतून ओतलेली माती भुसभुशीत असते, मधे हवा भरलेली असते. दोन-तीन पाऊस झाल्यावर वाफा दीड-दोन इंच खाली बसला. तेव्हापासून मी मातीच्या हिशेबात १५ ते २० टक्के जास्त धरतो. खडी इतकी बसत नाही, पण धुमसून पक्की करायची असेल तर तिथेही थोडी जास्त लागते.

दुसरं म्हणजे गाडीतला माल ओतण्याआधी मोजा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, हे सगळे सांगतात. मोजतं कोणी नाही. हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने घ्यायची. वर मधोमध ढीग आणि कोपऱ्यांत खड्डे असतील तर फावड्याने सपाट करून मगच उंची घ्या. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडल्यावर मोजायला काहीच उरत नाही.

वाळू मागवत असाल तर अजून एक गोष्ट. जरा ओलसर वाळू कोरडीपेक्षा २० ते ३० टक्के फुगलेली असते, बारीक असेल तर जास्तच. दाण्यांभोवती पाण्याचा पापुद्रा असतो आणि तो दाण्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवतो. शंका असेल तर बादलीभर वाळू घ्या, वर पाणी येईपर्यंत भिजवा आणि ढवळा. किती खाली बसते ते डोळ्यांना दिसतं.

* * *

मी फक्त लव्हाळा या तणाबद्दल लिहिणार आहे, कारण त्याने माझी बाग तीन वर्षं खाल्ली.

माती दिसायला सुंदर होती. काळी, मऊ, मुठीत दाबली की गोळा व्हायचा आणि बोटाने टोचला की सुटायचा. मी खूश होऊन सगळ्या वाफ्यांत पसरली. पंधरा दिवसांत हिरवे टोकदार कोंब आले. गवत समजून उपटले. आठवड्याभरात त्याच जागी पुन्हा, आधीपेक्षा दाट. मग खणून पाहिलं तर खाली काळपट गाठी, बारीक मुळांनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या. वरचा कोंब ओढला की माळ तुटते आणि एकेक गाठ स्वतंत्रपणे फुटते. म्हणजे माझ्या उपटण्यानेच तो वाढत होता. काळं प्लास्टिक अंथरलं, तर टोकांनी प्लास्टिक भोसकून वर आला.

ओळखायचा कसा ते सांगते. देठ बुडाशी दोन बोटांत धरून फिरवा. साध्या गवताचं देठ गोल किंवा चपटं लागतं. लव्हाळ्याचं त्रिकोणी असतं, तीन कडा बोटांना स्पष्ट जाणवतात.

शेवटी दोन वाफ्यांतली माती फूटभर खोल काढून टाकली. रोज सकाळी खुरपं घेऊन बसायचे. मुलगा विचारायचा, आई, आज किती गाठी? मी वहीत आकडा लिहायचे. तिसऱ्या वर्षी आकडे कमी व्हायला लागले.

आता कुठलीही माती घेताना आधी दोन-तीन ठिकाणची, वरची आणि आतली, अशी चार मुठी माती मागते. ट्रेमध्ये पसरते, ओली ठेवते आणि उबदार, उजेडाच्या जागी दोन आठवडे थांबते. जे उगवायचं ते ट्रेमध्ये उगवू दे. विकणाऱ्याला दोन आठवडे थांबायला सांगताना संकोच वाटतो, तरी सांगा.

शेणखताचंही तसंच. काही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात आणि तिथून शेणखतात उतरतात, खत कुजलं तरी पुष्कळ दिवस टिकतात. कुंडीत थोडं खत-माती मिसळून घेवड्याच्या चार बिया लावा, दुसऱ्या कुंडीत नेहमीची माती घेऊन तशाच चार. तीन आठवड्यांत पहिल्या कुंडीतली पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले, तर ते खत घेऊ नका.

* * *

आमच्याकडे डंपर फरसबंदीवरून मागे घेतला आणि चेंबरचं झाकण फुटलं. एक ब्रास खडी म्हणजे चार-साडेचार टन, वर गाडीचं वजन वेगळं. शोषखड्डा, पाण्याची टाकी, पाइप कुठून गेलेत ते चुन्याने आखून ठेवा आणि गाडी त्यावरून जाऊ देऊ नका.

* * *

मी बरीच वर्षं डंपर चालवला आहे, म्हणून गाडीत बसलेल्या माणसाच्या बाजूने लिहितो.

आम्हाला पत्ता मिळतो, जागा मिळत नाही. गाडी साधारण ८ फूट रुंद असते, आरसे धरून जास्तच. फाटक १० फुटांचं असेल तर सरळ येताना चालतं. अरुंद रस्त्यावरून वळून आत घ्यायचं असेल तर १० फूटही कमी पडतात. आणि वर बघा. हौदा उचलला की तो गाडीच्या उंचीच्या कितीतरी वर जातो. गाडी तारांखालून जाते, पण त्याच तारांखाली हौदा उचलला तर जीव जाऊ शकतो. असली जागा दाखवणाऱ्याला मी सरळ नाही म्हणायचो, मग तो कितीही रागावो.

जमीन ओली असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगा. चाक रुतलं की तुमची हिरवळही जाते आणि आमचा दिवसही. ढीग जिथे हवा तिथे ताडपत्री आधीच अंथरून ठेवा, शेवटची माती त्यामुळे झाडून घेता येते. ताडपत्री गटाराच्या तोंडापासून लांब असू द्या, पावसात बारीक माती सगळी तिकडेच वाहते. वाट सरळ आणि मोकळी असेल तर हौदा थोडा उचलून गाडी हळूहळू पुढे घेत खडी पसरत जाता येते, पण ते निघण्याआधी सांगावं लागतं. आणि घरातलं एक तरी मोठं माणूस तिथे हजर हवं. लहान मुलं मागे येऊन उभी राहतात, आरशात दिसत नाहीत. ही काळजी माझ्या मनातून कधी गेली नाही.

* * *

डंपरवाल्या दादांचं वाचून बरं वाटलं. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

माझा अनुभव झाडाचा आहे. अंगण एका पातळीत दिसावं म्हणून उरलेली माती जुन्या बकुळीच्या बुंध्याभोवती दीड फूट भरली. पहिलं वर्ष काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या, पानं विरळ झाली. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात आणि त्यांना हवा लागते. मी त्यांच्यावर तेवढीच माती रचली होती. बुंधा जमिनीला मिळतो तिथे तो रुंद होतो, ती जागा उघडी राहिली पाहिजे. माती हाताने उकरून काढली तेव्हा बुडाची साल मऊ पडली होती. बकूळ वाचली नाही. माती उरली तर ती दुसऱ्या कुणाला देऊन टाका, झाडाखाली रचू नका.

* * *

भिंतीलाही रचू नका. जोत्यातल्या ओलरोधक थराच्या (जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून घातलेला थर) किमान ६ इंच खाली माती थांबली पाहिजे आणि उतार घरापासून बाहेर हवा, मीटरला २ सेंटिमीटर तरी. आमच्या खोलीत दोन वर्षं ओल येत होती, रंगाऱ्यांना दोष देत बसलो होतो.

* * *

खडीच्या प्रकाराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आम्ही गोल गुळगुळीत गोटे निवडले, ३ इंच जाड. फार देखणे दिसायचे. वर्षभराने आईला चाकाची खुर्ची लागली आणि खुर्ची त्या वाटेवर जागच्या जागी रुतायची. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, वजन आलं की बाजूला सरकतात. आईला बागेत जायचं असायचं आणि ती म्हणायची, राहू दे. ते ऐकवत नसे.

मग सगळे गोटे काढले. खाली माती धुमसून घेतली, त्यावर न विणलेलं जाड कापड अंथरलं म्हणजे खडी चिखलात उतरत नाही. वर ४ इंच २० मिमीची क्रशरची खडी, तिच्यात भुकटी आणि कच मिसळलेली, पाणी मारून रोलर फिरवलेली. अशी खडी कोपऱ्यांनी एकमेकांत बसते आणि भुकटी मधल्या फटी भरते. सगळ्यात वर १० मिमीची टोकदार खडी, पण जेमतेम इंचभर, आणि दोन्ही कडांना विटा उभ्या गाडल्या. मागवताना नुसतं "खडी" म्हणू नका. आकार सांगा, गोल की फोडलेली ते सांगा, भुकटीसह की धुतलेली तेही सांगा. पाणी निचरायला हवं असेल तिथे धुतलेली, चालायची वाट असेल तिथे खाली भुकटीसह.

आई त्या वाटेवरून शेवटपर्यंत रोज संध्याकाळी जायची.

* * *

गच्चीवर माती चढवणाऱ्यांनी एवढं वाचाच. भिजलेली माती घनफुटाला साधारण ५० किलो भरते. १० बाय १० फुटांवर फूटभर थर म्हणजे ५ टन. मी गोण्या वर नेल्यावर हा हिशेब केला, घाबरले आणि अर्ध्या परत खाली आणल्या. इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय गोणी वर नेऊ नका. आणि कुंडीच्या तळाशी खडी भरून निचरा सुधारत नाही. खडीच्या वर पाणी मातीतच अडून राहतं, उलट मुळांना माती कमी मिळते.

* * *

धागा काढणारी मी परत आले आहे. सगळ्यांचे खूप आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला.

वाफे दोरीने आखून मोजले: ९६ घनफूट, वर १८ जास्त धरले. फाटकासमोरच्या तारांचे फोटो काढून गाडीवाल्यांना पाठवले. त्यांनी गाडी तारांपासून लांब, बाहेरच रिकामी करू म्हटलं, म्हणून तिथे ताडपत्री आणि हातगाडीची सोय केली. दोन जणांकडून मातीचे नमुने आणले. बाटलीत पाणी घालून ढवळून ठेवले, पहिल्यात वाळू मिनिटभरात तळाशी गेली आणि पाणी लवकर निवळलं. दुसऱ्यात दिवस उलटला तरी पाणी गढूळ, म्हणजे चिकणमाती भरपूर. मला पहिलीच आवडली होती, सौदा जवळजवळ ठरलाही होता.

दोन्ही नमुने ट्रेमध्ये खिडकीत आहेत. आज अकरावा दिवस. दुसऱ्यात अजून काही नाही. पहिल्यात सकाळी तीन कोंब दिसले. एक हलक्या हाताने बुडाशी धरून फिरवला.

तीन कडा लागल्या.