मदत हवी आहे: अँटीथ्रॉम्बिनचं इंजेक्शन नाशिकमध्ये मिळेल का?

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, माहेरी इंदिरानगरलाच आलीय. लग्नाआधी तिच्या पिंढरीत रक्ताची गाठ झाली होती, तेव्हा तपासणीत अँटीथ्रॉम्बिन कमी निघालं. आईचंही कमीच, म्हणजे घरचंच देणं! हे प्रथिन यकृतात बनतं, नको तिथे रक्त गोठू देत नाही. हेपारिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शनसुद्धा त्याच्याच जोरावर काम करतं, त्यामुळे डोस वाढवूनही हवा तसा गुण येत नाहीये. त्याच कामाच्या वॉरफरिनच्या गोळ्या गरोदरपणात शक्यतो टाळतात, म्हणून रोज पोटात हेपारिनची सुई. बेंबीभोवती सगळं काळंनिळं झालंय. एक बाजू जरा निवळली की दुसरी धरायची.

बाळंतपणाच्या वेळी हेपारिन थांबवावं लागणार. तेवढ्यापुरतं अँटीथ्रॉम्बिन कॉन्सन्ट्रेट शिरेतून द्यावं, असं डॉक्टर म्हणतात. गंगापूर रोड, शरणपूर रोडची मेडिकल पालथी घातली, कुणी नावही ऐकलेलं नाही.

इथे कुणी मागवलंय का, की मुंबई-पुण्याहूनच आणावं लागतं? साधारण खर्च किती? नाहीच मिळालं तर एफएफपी (रक्तदात्यांच्या रक्तातला गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) देतात, त्यातही हे प्रथिन असतं, पण पिशव्या बऱ्याच लागतात. कुणाला तसं दिलं असेल तर अनुभव सांगा. रक्तविकारतज्ज्ञही सुचवा.

लसूण खा, रक्त पातळ होतं, हे मात्र कृपया नको. आत्याने सांगून झालंय.