तेरा वर्षांच्या पोराला रोटेटर कफ? ऑपरेशन लागतं का?

फोंडेकर_आई:
नमस्कार, आम्ही फोंड्याचे. मुलगा १३ वर्षांचा, फास्ट बॉलिंग करतो, वर रविवारी वाड्यावरच्या मॅचला बाऊंड्रीवर यालाच उभा करतात कारण थ्रो लांब जातो. महिना झाला उजवा खांदा दुखतोय, आधी फक्त बॉल टाकताना दुखायचा आता दप्तर उचलतानाही तोंड वाकडं करतो. ओळखीतल्या एका फिजिओने दाबून बघितलं नि रोटेटर कफ म्हणाला. नेटवर बघितलं तर सगळीकडे दुर्बिणीचं ऑपरेशन, रात्रभर झोप नाही. सासूबाई निर्गुडीचा पाला गरम करून शेकतायत. कुणाच्या पोराला झालंय का असं?

म्हापशाचा_काका:
काही होत नाही हो. आम्ही लहानपणी दगड मारून आंबे पाडायचो दिवसभर, कुणाचा कफ फाटला नाही. खोबरेल चोळा आणि खेळू द्या.

बांबोळी_रेसिडेंट:
काका, आंबे दोन महिने असतात, आजची पोरं बारा महिने बॉल टाकतात, फरक तिथेच आहे.

ताई, मी ऑर्थोला म्हणजे हाडांच्या डॉक्टरकीला शिकतोय, इथून तपासता येत नाही पण एक सांगतो. रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू. तो फाटतो तो बहुतेक चाळिशी-पन्नाशीनंतर, झिजून. या वयात स्नायूची दोरी हाडापेक्षा चिवट असते, कच्ची असते ती हाडाची वाढपट्टी म्हणजे ग्रोथ प्लेट. दंडाच्या हाडाची साधारण ८०% लांबी खांद्याजवळच्या याच पट्टीतून वाढते, आणि सारखं फेकून फेकून ती रुंदावते. अमेरिकेत बेसबॉलच्या पोरांना होतं म्हणून नाव लिटल लीग शोल्डर, पण बॉलिंग-थ्रोने आपल्याकडच्यांनाही होऊ शकतं.

म्हणून आधी एक्स-रे, आणि दोन्ही खांद्यांचा, म्हणजे पट्टी शेजारी शेजारी ठेवून बघता येते. सुरुवातीला नॉर्मलही येतो, तसं असेल नि दुखणं राहिलं तर एमआरआय. पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर एकदम दुखायला लागलं असेल तर ते आठवणीने सांगा, तेव्हा कधी पुढचा स्नायू हाडाचा टवका घेऊन सुटतो. तो साध्या एक्स-रेत सुटूनही जातो, आणि जास्त सरकला असेल तर तिथे मात्र ऑपरेशन लागू शकतं. वाढपट्टीच्या दुखण्याला ऑपरेशन नाही, फेकणं बंद, साधारण तीन महिने. स्टिरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर आधी ऑर्थोला विचारा. ताप, सूज किंवा रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

कांपाल_पूलवाली:
माझ्या मुलीला पोहून पोहून झालेलं, तिची पट्टी ठीक होती, स्नायूच थकलेले. ऑपरेशन नाही काही नाही, सहा आठवडे पाय मारायचा सराव आणि पाठीच्या फऱ्याचे व्यायाम रबरी पट्ट्याने. ती दुखणं लपवायची, टीममधून काढतील म्हणून. तुमच्याही पोराला एकटं बसवून विचारा.

फोंडेकर_आई:
काल गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात दाखवलं. पट्टी रुंदावलीच आहे. तीन महिने बॉल हातात नाही, मग दुखलं नाही तर जवळून हलके थ्रो, अंतर हळूहळू वाढवायचं. विचारल्यावर कबूल केलं, दिवाळीपासून दुखत होतं, महिन्यापासून नव्हे! सर ओरडतील म्हणून गप्प. शेक चालू आहे, सासूबाईंना कोण सांगणार. आता म्हणतो डाव्या हाताने टाकू का?

बांबोळी_रेसिडेंट:
डावा खांदाही तेराच वर्षांचा आहे म्हणावं. स्कोअर लिहायला बसवा.

म्हापशाचा_काका:
आमच्या टीमला स्कोअरर नाही, पाठवून द्या.