डीपी म्हणजे नक्की कोणता? सहीच्या कागदावर आद्याक्षरं चालू द्यावीत का?

हद्दीलगतचा
ज्या कागदावर सामान्य माणसाची सही लागते किंवा ज्यावर त्याची जमीन आणि पैसा अवलंबून असतो, त्यावर नुसती आद्याक्षरं नकोत. पूर्ण नाव लिहा, तेही मराठीत.

'डीपी' घ्या. शिवारात ती खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, पंपांना वीज देते. महापालिकेत तो विकास आराखडा. शेअर बाजारात ज्याच्यामार्फत डीमॅट खातं उघडतो तो मध्यस्थ, आणि मोबाइलवर आपला फोटो. इलेक्ट्रिशियन गीझरला डीपी स्विच लागेल म्हणतो, तेव्हा त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल हवा असतो.

आमचं गाव शहराला लागून आहे. गट नंबरांची एक यादी मोबाइलवर फिरली, वर फक्त 'डीपी बाधित'. बऱ्याच जणांना वाटलं, विजेचं काहीतरी असेल. प्रत्यक्षात तो आराखड्यातला रस्ता होता. नगररचना कायद्यात (1966 चा) प्रारूप आराखड्यावर हरकत घ्यायला ठरावीक मुदत असते. डीपी कोणता हे कळेपर्यंतच ती मुदत संपत आली. ज्याची जमीन जाते त्याला हे आधी कळायला नको?

वाफसा
पूर्ण असहमत. आमच्याकडं 'डीपी जळाली' म्हटलं की लहान पोरालाही कळतं, आता पाणी धरता येणार नाही. ऑइल कमी झालं, फ्यूज उडाला, सगळं या एका शब्दाभोवती फिरतं. 'रोहित्र' हे तिचं नाव फक्त कागदावर. तुमच्या नियमानं उद्या अर्जातून आमचाच शब्द काढून टाकतील.

आणि गोंधळ होतो कुठं? डीपी जळाली, ती खांबावरची. डीपी मंजूर झाला, तो आराखडा. डीपी बदलला, तो फोटो. मराठी माणूस ऐकता ऐकता वेगळं करतो.

जुनं_लेजर
बोलण्यात वेगळं होतं, वाफसा, हे मान्य. पण छापील रकान्याला क्रियापद नसतं. 'डीपी बाधित' यात कुठं जळाली आणि कुठं मंजूर झाला?

मी बँकेत कर्ज विभागात होतो. एका निर्यातदाराच्या कॅश क्रेडिटच्या, म्हणजे धंद्यासाठी लागेल तशी उचल घ्यायच्या कर्जाच्या, फाइलीत काय काय असतं बघा. 'डीपी नोट' म्हणजे मागताक्षणी पैसे देण्याचं वचन. तिच्यावर दावा करायची मुदत 3 वर्षं, म्हणून ती उलटायच्या आत ऋणकोकडून नव्यानं कबुली घ्यायची. नुसता 'डीपी' म्हणजे ड्रॉइंग पॉवर: स्टॉक आणि येणी धरायची, त्यातून देणी आणि मार्जिन (ऋणकोनं स्वतः घालायचा हिस्सा) वजा करायचं, उरेल तेवढीच उचल. निर्यात बिलावरचा 'डीपी' म्हणजे परदेशी गिऱ्हाइकानं पैसे भरल्यावरच त्याला मालाची कागदपत्रं द्यायची. आणि शेअर तारण असतील तर डीमॅटवाला डीपी आहेच.

एक टेबल, एक फाइल, चार अर्थ. संदर्भानं कळतं हे रोज तेच काम करणाऱ्याला खरं आहे. समोर बसून सह्या करणाऱ्याला नाही. 'साहेब, डीपी कमी झाला म्हणजे काय?' हे विचारायला लोक लाजायचे. कमी झाला म्हणजे चेक परत जाणार, हे त्यांना चेक परत गेल्यावर कळायचं. हे बघून मला फार वाईट वाटायचं.

खाते_उतारा
पण पूर्ण नावानं काय साधतं? 'डिपॉझिटरी पार्टिसिपंट' असं लिहिलं, कोणाला काय कळलं? शेअर विकले की डीपी चार्जेस कापले जातात, ते का, हे पूर्ण नाव वाचून समजत नाही. डिपॉझिटरी म्हणजे आपले शेअर खात्यात सांभाळणारी संस्था; अशा दोनच, एनएसडीएल आणि सीडीएसएल. आपलं खातं त्यांच्याकडे मध्यस्थामार्फत असतं आणि विकलेले शेअर खात्यातून बाहेर जाताना मध्यस्थ आकार घेतो. हे कोणीतरी सांगावं लागतं.

शिवाय पूर्ण नाव तरी एक आहे का? खांबावरच्या डीपीला कोणी डबल पोल (दोन खांबांची) म्हणतं, कोणी डिस्ट्रिब्यूशन पॉइंट. अधिकृत कुठलं छापणार?

हद्दीलगतचा
म्हणूनच मराठीत म्हटलं. 'विकास आराखड्यातील रस्त्याने बाधित गट' एवढं लिहायला शाई किती लागते? वाफसा, तुमच्या बोलण्यातली डीपी कोणी काढत नाही. तक्रारीत ती लिहाच, कार्यालयानं ती स्वीकारलीच पाहिजे. बंधन हवं ते नोटीस काढणाऱ्यावर.

वॉर्ड_ड्यूटी
परिचारिका म्हणून लिहिते. आमच्या क्षेत्रात हा वाद प्रत्यक्ष बंदीपर्यंत गेलेला आहे. 'एमएस' म्हणजे मॉर्फिन सल्फेट की मॅग्नेशियम सल्फेट? दोन्ही रोज लागणारी औषधं, परिणाम मात्र एकदम वेगळे. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं 2004 मध्ये वापरू नयेत अशा संक्षेपांची यादी लागू केली, त्यात हा आहे. डॉक्टर, नर्स सगळे शिकलेले, संदर्भ समोर, तरी यादी करावी लागली.

वाफसा
ताई, तुमचं पटलं, पण त्यातलीच एक गोष्ट बघा. त्यांनी सरसकट बंदी नाही घातली. जिथं जीव जातो तेवढेच संक्षेप वेचून काढले. तसं असेल तर माझा विरोध नाही. जमीन संपादन, कर्जाची सही, औषध, एवढ्यापुरती यादी करा आणि तीत 'डीपी बाधित' पहिलं घाला. 'आद्याक्षरं नकोत' असा सरसकट नियम आला, तर तो खालच्या टेबलावर आमच्याच अर्जाला लागेल. ऐन उन्हाळ्यात, पीक वाळत असताना, 'रोहित्र नादुरुस्त' असं लिहून आणा म्हणून परत पाठवलेले लोक मी पाहिलेत.