तुतीच्या लाकडाचं धनुष्य करतोय, बारीक गाठींचं काय करू?

तुतीवाला_घोडबंदर

नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मागच्या वर्षी सोसायटीत महापालिकेची परवानगी काढून फांद्या छाटल्या तेव्हा तुतीची एक सरळ जाड फांदी मागून घेतली, उभी चिरली, दोन्ही टोकांना रंग फासून ठेवून दिली, आता चांगली वाळलीये. त्यातून एकाच लाकडाचं धनुष्य करायचंय, ६६ इंच लांब, मुठीपाशी पावणेदोन इंच रुंद आणि टोकांना अर्धा इंच, २८ इंच खेचल्यावर साधारण ३५ पाउंड ताण यावा असं डोक्यात आहे. साल आणि वरचं पांढरं लाकूड काढून आतल्या पिवळ्या लाकडाचं वाढीचं एक वलय पाठीसाठी धरलंय.

अडचण गाठींची आहे. धनुष्याच्या वरच्या हाताच्या (मुठीपासून टोकापर्यंतचा वाकणारा भाग) बरोब्बर मध्यावर ८ मिमीची एक गाठ, आतून काळी, टाचणी टोचली तर भुगा येतो. खालच्या हातात मुठीपासून वीतभरावर तीन-चार बारीक पण टणक गाठी. आणि वरच्या टोकापासून चार बोटांवर एक गाठ अगदी कडेला, माझी पेन्सिलची रेघ नेमकी तिच्या मधूनच जाते. ओळखीच्या सुतारकाकांना विचारलं तर म्हणाले रंधा मारून सपाट कर, गाठ खोदून पुट्टी भर. टेबलाला ते ठीक आहे हो, पण हे लाकूड वाकणार आहे म्हणून धीर होत नाही. कोणी केलंय का असं काम?

सानपाडा_रंधा

रंधा आधी बाजूला ठेवा दादा, पाठीवर तर अजिबातच नको.

लाकडाचे तंतू गाठीपाशी संपत नाहीत, खाडीपुलाच्या खांबाला भरतीचं पाणी वळसा घालून जातं तसे ते तिला वळसा घालून पुढे जातात. म्हणून गाठीभोवती पाठ जराशी उंच आलेली दिसते. तो उंचवटा सपाट केलात की वळसा घालणारे तंतूच कापले जातात आणि धनुष्य खेचताना पाठ ताणली जाते, मग कापलेल्या टोकापासून चीर उठते आणि तिथूनच ढलपा निघतो. (पाठ म्हणजे लक्ष्याकडची बाजू. दोरीकडची ती पोट, तिथे लाकूड दाबलं जातं.) तेव्हा जे वलय धरलंय तेच गाठीवरही चढवायचं आणि पलीकडे उतरवायचं. खिडकीपाशी बसा, उजेड आडवा पडू द्या. तुतीत दोन वलयांच्या मधे सच्छिद्र थर असतो, खरवडताना तो कुरकुरीत लागतो आणि भुसाच निघतो, खालचं घट्ट लाकूड लागलं की आवाज बदलतो आणि पातळ सलग पापुद्रा सुटायला लागतो, तिथे थांबायचं. गाठीच्या आसपास तंतूंची रेषा सारखी दिशा बदलते म्हणून तिथे धारदार पात्याची हत्यारं नकोतच, स्क्रॅपर उभा धरून नाहीतर छोट्या अर्धगोल कानशीने हलक्या हाताने काम करा. प्रत्येक गाठीभोवती पेन्सिलने गोल काढून ठेवा आणि त्या गोलात शेवटपर्यंत जपून जा.

तुमच्या बारीक टणक गाठी इतक्याच राखल्या तरी पुरे, त्यांना खोदायचं नाही, भरायचं नाही. पोटाच्या बाजूलाही त्या जागी मिलिमीटरभर जाडी जास्त ठेवा.

काळी गाठ मात्र मेलेली आहे. ड्रिलचं बिट हातानेच फिरवून मऊ पडलेलं तेवढं काढा, घट्ट लाकूड लागलं की पुढे एक कणही नाही. मग याच लाकडाचा बारीक भुसा इपॉक्सीत कालवून भोक भरा. पण एक लक्षात ठेवा, पाठीवर ही भरती ताण घेत नाही, ती भोकाच्या कडा सांभाळते आणि ओल आत जाऊ देत नाही एवढंच. ताण घेणार ते दोन्ही बाजूंचे तंतू, म्हणून रुंदी तिथे जास्त हवी, गाठीच्या दोन्ही अंगांना चार-पाच मिमी तरी जादा. बाहेरून फुगवटा दिसेल, दिसू दे. यू नावाच्या झाडाच्या लाकडाच्या जुन्या इंग्लिश धनुष्यांतही गाठींवर असं जादा लाकूड मुद्दाम ठेवलेलं असायचं.

कळवा_पूर्व

बाकी सगळं पटलं पण मेलेली गाठ हाताच्या मध्यावर ठेवायला मी तयार नाही. तिथे लाकूड चांगलंच वाकतं. तुकडा किती लांब आहे तुमचा? वाव असेल तर सगळा आराखडाच सरकवा, गाठ मुठीत गेली की विषयच मिटला. मूठ वाकत नाही, तिथे कसलीही गाठ चालते.

तुतीवाला_घोडबंदर

तुकडा ७० इंचच आहे, म्हणजे मधोमध धरला तर दोन्हीकडे दोन-दोन इंच. मूठ वर सरकवून गाठ जवळ आणली तरी ती दोनच इंच जवळ येते, मुठीत काही जात नाही. उलटं खाली सरकवलं तर कडेची गाठ नेमकी दोरीच्या खाचेपाशी येतेय. रुंदी मात्र आहे, पट्टा सगळीकडे दोन इंचाच्या थोडा वर आहे.

कळवा_पूर्व

मग सरकवू नका, रुंदीच वापरा. वरचा हात मुठीपासून गाठीच्या पुढे चार बोटांपर्यंत पूर्ण दोन इंच ठेवा आणि तिथून निमुळता करा. रुंद आणि पातळ हातात ताण पसरतो. इपॉक्सी सुकली की त्या जागेवर रेशमी दोरा जवळजवळ गुंडाळून वरून पातळ इपॉक्सी द्या, त्याने लाकडाची ताकद वाढत नाही पण ढलपा उठायला लागलाच तर दबून राहतो.

कडेच्या गाठीला अर्धी कापणं सगळ्यात वाईट, कापलेले तंतू थेट कडेलाच उघडे पडतात. रेघ बाहेर घ्या, गाठ अख्खी आत ठेवा. टोकाचे पाच-सहा इंच तसेही जेमतेम वाकतात, त्यामुळे जादा लाकडाने फक्त टोक किंचित जड होईल. खाचा करायच्या आधी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बघा, मुठीच्या मधूनच गेला पाहिजे.

मुरबाडची_धामण

आमच्याकडे धामण झाडाच्या काठ्या कुऱ्हाडीच्या दांड्याला, कावडीला आणि धनुष्यालाही वापरतात, गाठीचा नियम तोच. बांबूचं केलंत तरी पेरं तासून सपाट करायचं नाही, बांबूचा मजबूत भाग सालीकडेच असतो. आणि लाकूड हवं म्हणून कोणी येऊरच्या जंगलात शिरू नका, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथली काटकीही तोडता येत नाही.

सानपाडा_रंधा

टिलरिंगचं, म्हणजे वाकवून बघत थोडं थोडं लाकूड काढून दोन्ही हात नीट वाकते करण्याचं, राहिलंच होतं. धनुष्य हळूहळू वाकवून बघाल तेव्हा गाठीची जागा शेजारच्यापेक्षा ताठ दिसणार, दिसायलाच हवी. डोळ्याला एकसारखी कमान हवी असते म्हणून माणूस नेमकं तिथलंच लाकूड काढत बसतो, ते करायचं नाही. दुसरी चूक म्हणजे गाठ वाचवताना तिच्या लगतच्या दोन इंचांत जास्त खरवडलं जातं आणि बिजागरीसारखं तिथेच मोडतं. जादा जाडी गाठीपासून दोन्हीकडे दोन-तीन इंचांत सावकाश उतरवा, एकदम पायरी नको.

खेचताना भिंतीला फळी, खाली कप्पी, दोरी लांबून आणि तुम्ही धनुष्याच्या समोर न राहता बाजूला, डोळ्यांवर गॉगल. मेलेली गाठ आहे म्हटल्यावर यात तडजोड नको.

तुतीवाला_घोडबंदर

सगळ्यांचे मनापासून आभार, आजच रेघा नव्याने आखतो. शेवटचं एक, पाऊस तोंडावर आलाय, टिलरिंग आत्ता करू की दिवाळीनंतर?

कळवा_पूर्व

आत्ता फक्त आकार द्या, गाठ साफ करून भरून घ्या आणि हात दीडपट जाड ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट की लाकूड ओल धरतं आणि ओलं लाकूड वाकवलं की कमान कायमची बसते, मग ३५ पाउंड काही मिळत नाहीत. कपाटात वरच्या कप्प्यात आडवं ठेवा. थंडी सुरू झाली की दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा, वजन उतरायचं थांबलं की कामाला लागा. घाई म्हणून हीट गन किंवा कडक ऊन नको, गाठ आणि भोवतालचं लाकूड वेगवेगळं आकसतं त्यामुळे पहिली भेग तिथेच पडते.