मदत हवी आहे: पिस्टन, व्हॅक्यूम की साधा कन्व्हर्टर?

नमस्कार मंडळी, वडिलांच्या पंच्याहत्तरीला चांगलं फाउंटन पेन द्यायचं आहे. ते रोज पानंच्या पानं लिहितात, पण शाई भरताना हात थोडा थरथरतो. त्यामुळे निबपेक्षा शाई भरायच्या पद्धतीवरच गाडी अडली आहे.

पेलिकन एम८०० पिस्टनवालं आहे. मागची मूठ फिरवली की दट्ट्या वर सरकतो आणि शाई ओढली जाते. साधारण १.३५ मिली मावते, शिवाय निब आटे फिरवून काढता येते, म्हणजे धुणं सोपं. माँ ब्लां १४९ पण पिस्टनचंच, पण जाडजूड आहे आणि किंमत बघून घाम फुटतो, ते बाजूला ठेवलंय.

मन अडकलंय ते व्हॅक्यूमवाल्या पायलट कस्टम ८२३ वर. दांडा ओढून दाबला की मागे पोकळी तयार होते, आणि तळाशी पोचताच शाई एका झटक्यात वर! दोन मिलीच्या आसपास सहज मावते. पण सलग लिहायचं तर मागची मूठ थोडी सैल ठेवावी लागते, नाहीतर झडप बंद राहून निब कोरडी पडते. हे वडिलांच्या लक्षात राहील का? (आईच्या राहील.)

कन्व्हर्टरवालं (पेनात बसणारी, काढता येणारी शाई भरायची छोटी नळी) घेतलं तर बिघडल्यावर नुसता कन्व्हर्टर बदलता येतो, हे पटतं. पण शाई कमी मावते.

८२३ रोज वापरणारं कुणी आहे का? त्या दांड्याला जोर कितपत लागतो? आणि पिस्टन जड झाला तर पुण्या-मुंबईत खात्रीने दुरुस्त करणारं कोण?