पाच शेअर, पण बाजू एकच

रॉयल बँक, टीडी आणि बीएमओ या तीन बँका, एन्ब्रिज ही पाइपलाइन कंपनी आणि बीसीई ही दूरसंचार कंपनी, असे कॅनडाचे पाच शेअर टीएफएसएमध्ये (कॅनडातलं करमुक्त बचत खातं) घेतलेत, लाभांशही येतोय, एवढं पुरे का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते नाही. तीन बँका म्हणजे कॅनडातल्या गृहकर्जांवर तीनदा लावलेला पैसा. तुमची नोकरी इथे, घर इथे. निदान बचत तरी देशाबाहेर फिरू द्या.

वरच्या एका प्रतिसादात एकांनी बीसीईचा लाभांश मुदतठेवीसारखा पक्का म्हटलाय, ते मला अजिबात पटलं नाही. मे 2025 मध्ये कंपनीने तो शेअरमागे वर्षाला 3.99 डॉलरवरून थेट 1.75 वर आणला. लाभांशाचा टक्का फुगलेला दिसला की आधी बघायचं, भाव किती पडलाय. आणि नॉर्टेल ही कॅनडाची दूरसंचार उपकरणांची कंपनी आठवते? 2000 साली टोरांटो शेअर बाजाराच्या निर्देशांकात तिचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होता. जानेवारी 2009 मध्ये दिवाळखोरी.

नवीन पैसे व्हीईक्यूटी किंवा एक्सईक्यूटी या जगभरचे शेअर घेणाऱ्या ईटीएफमध्ये (शेअरसारख्या विकत घेता येणाऱ्या फंडांत) टाका. त्यात कॅनडा साधारण पंचवीस ते तीस टक्के, बाकी सगळं जग.

एक मात्र आजच तपासा. टीएफएसएत पैसे भरण्याची मर्यादा तुम्ही कॅनडाचे करनिवासी (करासाठी इथले रहिवासी) झालात त्या वर्षापासून मोजतात, ही योजना सुरू झाली त्या 2009 पासून नाही. भारतातून आलेल्या आपल्या बऱ्याच लोकांचा इथेच घोळ होतो. जास्त भरलेल्या रकमेवर दरमहा 1 टक्का दंड बसतो. तुम्ही कोणत्या साली आलात?