न्हाणीत स्टीम बसवायची? आधी लाइट बिल पाहा

मंदाआत्या: राजू, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी न्हाणीत स्टीम बसवायची म्हणतो. न्हाणी 4 बाय 5, उंची 7 फूट. किती किलोवॅटची मशीन पायजे?

राजूदादा: 140 घनफूट, म्हणजे 4 घनमीटर. टाइल्सच्या भिंती असल्या की घनमीटरमागे साधारण 1 किलोवॅट धरायचा. म्हणजे थोडं जास्त धरून साडेचारची. ती 230 व्होल्टवर 20 अँपिअरच्या आसपास ओढते, गिझरचा 16 चा सॉकेट जळून जाईन. मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, भार वाढला की आपोआप पडणारा 25 अँपिअरचा एमसीबी, शॉक बसू नये म्हणून गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, अर्थिंग पक्कं. बिलावर मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती किलोवॅट वापरायची मंजुरी हाये, ते पाहा आधी.

मंदाआत्या: अन् उन्हाळ्यात व्होल्टेज कुठं राहते गावात!

राजूदादा: तेच तर. 180 वर आलं की साडेचारची मशीन पावणेतीनचंच काम करते. वाफ धरेपर्यंत माणूस कुडकुडते.

विनूमामा: मंदाताई, दर्यापूरकडे खरा घोळ पाण्याचा. खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागातलं, बोअरचं पाणी टाकलं की कॉइलवर पांढरी खपली चढते, आतली उष्णता बाहेर निघत नाही अन् कॉइल जळते. निव्वळ आरओचंही सगळ्या मशीनला चालत नाही. ज्या मशीनला पाण्याची पातळी प्रोबवर, म्हणजे पाण्यातून वीज वाहते का ते पाहणाऱ्या सळईवर कळते, तिला ते पाणी दिसतच नाही, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. नळाचं गोडं पाणी बरं. वापर झाला की टाकी रिकामी करायची. खपली दिसली तर लिटरला 50 ग्रॅम लिंबूसत्व, कोमट पाण्यात अर्धा तास, मग दोनदा खंगाळायचं.
अन् वाफेच्या पाइपला झोळ नको, मधात व्हॉल्व तर नकोच. झोळात पाणी साचलं की पाइप ठोके देते अन् तोंडातून उकळतं पाणी उडते. तोंड जमिनीपासून फूटभर वर, पाय ठेवतो तिथं नाही.

राजूदादा: न्हाणीत गॅस गिझर असन तर वाफेसाठी फटी बुजवू नका हो. कार्बन मोनॉक्साइडचा वासही येत नाही. गिझर आधी बाहेर काढा.

माधुरीताई: फक्त गुडघ्यांसाठी एवढा खटाटोप काहून? ओल्या गरम टॉवेलचा 15 मिनिटं शेक तेवढंच काम करते. आराम तासा-दोन तासांचा, म्हणून शेकल्यावर लगेच व्यायाम: गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, तो 5 सेकंद खाली दाबायचा, असं 10 वेळा. गुडघा लाल, गरम, सुजलेला असन तर शेक बंद. शुगरमुळे तळपाय बधिर असले तर चटका कळत नाही. बीपी किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर स्टीमआधी डॉक्टरांना विचारा. 10 मिनिटांच्या वर नाही, अन् आतून कडी लावू देऊ नका.

मंदाआत्या: बिल पाहिलं. मंजूर भार 1 किलोवॅट.

राजूदादा: मग आत्या, टॉवेलच. फारच हौस असन तर कापडी स्टीम तंबू मिळते, त्याचं भांडं हजार वॅटच्या आसपास. तेव्हा पाण्याची मोटर लावू नका म्हणजे झालं.